द स्टोरीड लाइफ ऑफ ए. जे. फिक्री

द स्टोरीड लाइफ ऑफ ए. जे. फिक्री : (म. शी. ‘ए. जे. फिक्रीचे कथामय जीवन’). गॅब्रिएल झेव्हिन (१९७७– ) ह्या अमेरिकन लेखिकेची इंग्रजी कादंबरी. प्रथम प्रकाशन २०१४. ब्रिटनमध्ये ती द कलेक्टेड वर्क्स ऑफ ए. जे. फिक्री ह्या नावाने प्रसिद्ध झाली. बेटावरील एका लहान गावातला एकाकी पुस्तकविक्रेता, त्याचे चोरीस गेलेले एक दुर्मिळ पुस्तक आणि त्याच्या दुकानात कोणीतरी ठेवून गेलेले एक मूल ह्यांच्याभोवती तिचे कथानक गुंफलेले आहे. प्रणय, रहस्य व विजोड माणसांमधील मैत्री हे लोकप्रिय कादंबरीचे तीन परिचित विषय तीत एकत्र आले असून, तिन्हींच्या केंद्रस्थानी पुस्तक आहे. पुस्तकांचे दुकान, ग्रंथालय किंवा वाचकमंडळ ह्यांना कथेचा आधार करणाऱ्या कादंबऱ्या एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून विपुल प्रमाणात लिहिल्या गेल्या. त्यांचे गुण आणि मर्यादा ह्या कादंबरीत एकत्र आणि ठळकपणे पाहावयास मिळतात.

लेखिका : झेव्हिनचा जन्म न्यूयॉर्क येथे झाला. तिचे वडील ज्यू वंशाचे अमेरिकन, तर आई कोरियन. हार्व्हर्ड विद्यापीठात तिने इंग्रजी साहित्याचे शिक्षण घेतले. एल्सव्हेअर (२००५) ह्या कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या कादंबरीत मृत मुलीच्या मरणोत्तर जीवनाची कल्पना तिने रंगविली. द होल वुई आर इन (२०१०), यंग जेन यंग (२०१७) आणि टुमॉरो, अँड टुमॉरो, अँड टुमॉरो (२०२२) ह्या तिच्या अन्य उल्लेखनीय कादंबऱ्या. कॉन्व्हर्सेशन्स विथ अदर विमेन (२००५) ह्या चित्रपटाची पटकथाही तिचीच. मृत्यूने मागे ठेवलेली माणसे आणि रक्ताच्या नात्याबाहेर जुळणारे संबंध हे तिचे आवडते विषय असून प्रस्तुत कादंबरीतही ते मुख्य आहेत.

कथानक : मॅसॅचूसेट्स राज्याच्या किनाऱ्यापलीकडील ॲलिस हे काल्पनिक बेट कादंबरीचे घटनास्थळ आहे. मुख्य भूमीवरून तेथे बोटीने जावे लागते. उन्हाळ्यात पर्यटकांची वर्दळ, तर हिवाळ्यात शुकशुकाट. बेटावरील एकमेव पुस्तकांचे दुकान ‘आयलंड बुक्स’ हे फिक्री चालवितो. तो अंशतः भारतीय वंशाचा आहे. एडगर ॲलन पो (१८०९–४९) ह्याच्या साहित्यावर चाललेले संशोधन सोडून पत्नी निक हिच्यासह तिच्या गावी येऊन त्याने हे दुकान थाटले. निक मोटार-अपघातात मरण पावली आणि तेव्हापासून तो माणसांपासून दुरावला. अमीलिया लोमन ही एका प्रकाशनसंस्थेची विक्री-प्रतिनिधी हंगामाच्या नव्या पुस्तकांची सूची घेऊन प्रथमच त्याच्याकडे येते, तेव्हा आपल्याला कोणकोणती पुस्तके मुळीच आवडत नाहीत, ह्याची लांबलचक यादी ऐकवून तो तिला परत पाठवितो.

फिक्रीपाशी पोच्या टॅमरलेन ह्या पहिल्या काव्यसंग्रहाची एक प्रत असते. एका जुन्या संग्रहातील पुस्तकांमध्ये ती त्याला योगायोगाने अगदी स्वस्तात मिळालेली असते. उतारवयाची तरतूद म्हणून जपलेली ही प्रत एका रात्री तो दारूच्या धुंदीत असताना नाहीशी होते. चोरीची तक्रार घेऊन तो लॅम्बिआझ ह्या पोलीस-प्रमुखाकडे जातो. आता चोरीला जाण्यासारखे काहीच उरले नाही, म्हणून तो दुकानाला कुलूप लावणे सोडून देतो. त्या उघड्या दारातूनच पुढे माया नावाची दोन वर्षांची मुलगी दुकानात ठेवली जाते. जवळ आईची चिठ्ठी असते. मुलीने पुस्तकांच्या सान्निध्यात वाढावे, अशी तीत इच्छा असते. मॅरिअन वॉलेस ह्या तिच्या तरुण आईचा मृतदेह समुद्रातून किनाऱ्याला लागतो. फिक्री मायाला दत्तक घेतो. अमीलियाशी त्याचा स्नेह काही वर्षांच्या अवधीत वाढत जातो आणि ती दोघे विवाहबद्ध होतात. निकची बहीण इझमे आणि तिचा कादंबरीकार पती डॅनिएल पॅरिश ह्यांचे दुःखी वैवाहिक जीवन हे दुसरे उपकथानक. मायाचा जन्मदाता डॅनिएल आहे आणि पुस्तक इझमेने नेले होते, ही दोन रहस्ये उत्तरार्धात उलगडतात. अखेरीस फिक्रीला मेंदूचा दुर्धर अर्बुद होतो. त्याच्या शस्त्रक्रियेच्या खर्चासाठी परत आलेले पुस्तक उपयोगी पडते, पण तो वाचत नाही. दुकान मात्र लॅम्बिआझ आणि इझमे चालू ठेवतात.

रचना : कादंबरीची तेरा प्रकरणे असून प्रत्येकाला एका प्रसिद्ध लघुकथेचे शीर्षक दिलेले आहे. प्रकरणारंभी त्या कथेविषयी फिक्रीने मायासाठी लिहिलेले लहानसे टिपण येते. रोआल्ड डालच्या ‘लँब टू द स्लॉटर’ (१९५३) ह्या कथेने प्रारंभ आणि त्याच्याच ‘द बुकसेलर’ (१९८६) ह्या कथेने शेवट होतो. ब्रेट हार्ट, मार्क ट्वेन, पो, एफ्. स्कॉट फिट्सजेरल्ड, आयर्विन शॉ, जे. डी. सॅलिंजर, फ्लॅनरी ओकॉनर, ग्रेस पेली, रेमंड कार्व्हर इत्यादींच्या कथा मध्ये येतात. ही शीर्षके केवळ शोभेसाठी नाहीत. ब्रेट हार्टच्या ‘द लक ऑफ रोअरिंग कँप’ (१८६८) ह्या कथेत सोन्याच्या खाणीवरील दांडगट पुरुष एका पोरक्या अर्भकाचा सांभाळ करतात. फिक्रीच्या हाती मूल येते, त्या घटनेची पूर्वसूचना तीत आहे. पोची ‘द टेल-टेल हार्ट’ (१८४३) ही कथा लपविलेल्या अपराधाने आतून पोखरल्या जाणाऱ्या मनाची. ती अपराधाची कबुली जवळ आल्याचे सुचविते. टिपणांची सुरुवात वाचताना ती एका अभ्यासू पित्याची वाचनविषयक शिफारस वाटतात. पुढे त्याच्या आजाराचा उलगडा झाल्यावर ती मृत्युपत्रासारखी वाटू लागतात. तोच मजकूर वाचकाच्या बदललेल्या जाणिवेमुळे वेगळा अर्थ धारण करतो. कादंबरीतील सर्वांत सरस वाङ्मयीन योजना हीच होय.

टॅमरलेन ह्या पुस्तकाची निवडही अर्थपूर्ण आहे. टॅमरलेन अँड अदर पोएम्स हा संग्रह बॉस्टन येथे १८२७ मध्ये छापला गेला, तेव्हा पो अठरा वर्षांचा होता. मुखपृष्ठावर त्याचे नाव नव्हते, ‘एक बॉस्टनवासी’ एवढाच उल्लेख होता. सु. ५० प्रती छापल्या गेल्या असाव्यात आणि त्यांपैकी १२ उपलब्ध असल्याचे मानले जाते. १९८८ मध्ये न्यू हँपशर राज्यातील जुन्या वस्तूंच्या एका दुकानात अवघ्या १५ डॉलरना मिळालेली एक प्रत लिलावात १,९८,००० डॉलरना विकली गेली. २००९ मधील लिलावात दुसऱ्या एका प्रतीला ६,६२,५०० डॉलर मिळाले. तेव्हा फिक्रीला लाभलेला योगायोग वास्तवाला सोडून नाही. शिवाय गुप्तहेरकथेचा जनक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लेखकाचेच पुस्तक चोरीस जावे, ह्यात औचित्य आहे. पोच्या ‘द पर्लॉइन्ड लेटर’ ह्या कथेत हरवलेले पत्र अगदी डोळ्यांसमोर असते. येथेही गेलेली वस्तू आणि ती नेणारी व्यक्ती बेटाबाहेर नाही, कुटुंबातच असते. पण वाचनीय पुस्तक म्हणून फिक्रीला ह्या संग्रहाबद्दल ममत्व नाही. तो त्याच्या लेखी बाजारमूल्याचा ठेवा आहे. वाचल्या जाणाऱ्या आणि केवळ कुलुपात ठेवल्या जाणाऱ्या पुस्तकांतील हा भेद कादंबरीच्या मुळाशी आहे.

पूर्वपरंपरा : प्रणय आणि हरवलेले पुस्तक ह्यांची सांगड झेव्हिनने प्रथम घातली असे नाही. ख्रिस्टोफर मॉर्ली (१८९०–१९५७) ह्या अमेरिकन लेखकाने पार्नासस ऑन व्हील्स (१९१७) मध्ये पुस्तकांची फिरती गाडी चालविणाऱ्या विक्रेत्याची कथा सांगितली आणि द हाँटेड बुकशॉप (१९१९) मध्ये त्यालाच ब्रुकलिनमधील दुकानात आणून बसविले. तेथे कार्लाइलच्या एका ग्रंथाची प्रत वारंवार नाहीशी होते व पुन्हा प्रकटते आणि तिच्या शोधातून एक राजकीय कट उघडकीस येतो. त्याच दुकानात एका तरुण जोडप्याचे प्रेमही जमते. मॉर्लीच्या विक्रेत्याची ग्रंथांवरील श्रद्धा बोलकी, प्रचारकाची आहे. फिक्रीची श्रद्धा तुसडेपणाच्या आड दडलेली आहे.

कथानकाच्या दृष्टीने अधिक जवळचे साम्य आहे ते जॉर्ज एलियट (१८१९–८०) हिच्या सायलस मार्नर (१८६१) ह्या कादंबरीशी. सायलस हा समाजापासून तुटलेला एकाकी विणकर. त्याचे साठविलेले सोने चोरीस जाते आणि काही दिवसांनी उघड्या दारातून एक लहान मुलगी आत येते. तिची आई बाहेर बर्फात मरून पडलेली असते. मुलीचा जन्मदाता गावातील प्रतिष्ठित गृहस्थ आणि चोर त्याचाच भाऊ. पुढे सोने परत मिळते, पण तोपर्यंत त्याची किंमत सायलसच्या मनात उरलेली नसते. उघडे दार, मृत आई, प्रतिष्ठित पिता, कुटुंबातील चोर आणि उशिरा परत आलेला ठेवा, हे सारे झेव्हिनच्या कादंबरीत ओळखीच्या क्रमाने येते. जुनी कथा नव्याने सांगण्यात गैर काही नाही. नव्या कथनात मूळ प्रश्न कितपत टिकला आहे, हे महत्त्वाचे. एलियटच्या कादंबरीत पित्याला आपल्या दोषाची कबुली द्यावी लागते. तो मुलीवर हक्क सांगण्यास येतो आणि मुलगी स्वतः पाळणाऱ्या पित्याची निवड करते. माया आणि डॅनिएल ह्यांच्यात असा प्रसंग उद्‌भवतच नाही. डॅनिएल मोटार-अपघातात मरतो आणि त्याच्याबरोबर तो प्रश्नही कादंबरीतून बाहेर जातो. नैतिक पेच निर्णयाने सुटण्याऐवजी अपघाताने मिटतो. निकचा मृत्यूही अपघातीच असल्याने ही युक्ती दोनदा वापरल्यासारखी वाटते.

मूल्यमापन : कादंबरीतील तीन धाग्यांपैकी मैत्रीचा धागा सर्वांत अस्सल आहे. लॅम्बिआझ हा फारसा न वाचणारा, वाचलीच तर पोलीसकथा वाचणारा माणूस. चोरीच्या तपासानिमित्त आणि पुढे मुलीची विचारपूस करण्यासाठी तो दुकानात येऊ लागतो. हात हलवीत उभे राहणे बरे दिसत नाही म्हणून एखादे पुस्तक विकत घेतो. घेतलेच आहे म्हणून वाचतो आणि वाचले म्हणून बोलू लागतो. गावातील स्त्रियाही एकटा पुरुष मूल कसे वाढवितो हे पाहण्यासाठी येतात आणि त्याच संकोचापोटी पुस्तके घेतात. पुढे पोलीस-प्रमुखाच्या पुढाकाराने वाचकमंडळ चालू होते आणि हेरकथांपासून आरंभ करून ते हळूहळू अन्य साहित्याकडे वळते. फिक्री त्याला उपदेश करीत नाही. त्याच्या आवडीला नाक मुरडणाऱ्या फिक्रीलाच थोडे नमते घ्यावे लागते. वाचनाची गोडी उपदेशाने लागत नाही, संगतीने लागते, हे सत्य येथे कोणत्याही भाष्याविना प्रत्ययास येते. अखेरीस दुकान चालविण्याची जबाबदारी हाच माणूस स्वीकारतो, ते त्यामुळे पटते.

प्रणयाची हाताळणी संयत आहे. अमीलियाने पहिल्या भेटीत सुचविलेले, उतारवयातील विवाहाविषयीचे द लेट ब्लूमर हे काल्पनिक आत्मकथन फिक्री तेव्हा झिडकारतो. ते तो फार उशिरा वाचतो आणि त्यानंतर तिच्याविषयीचे त्याचे मत बदलते. पुढील भेटी प्रकाशनांच्या हंगामी सूच्यांच्या वेळापत्रकाने होतात. विक्रेता आणि प्रतिनिधी ह्यांच्यातील हा व्यावसायिक व्यवहार मुळात दुसऱ्याच्या आवडीचा अंदाज घेण्याचा असतो. ह्या ग्राहकाला हे पुस्तक रुचेल, असे सांगण्यासाठी त्याला ओळखावे लागते. प्रेमाचे बीज लेखिकेने ह्या अंदाजात पाहिले आहे. पुढे ते आत्मकथन बनावट असल्याचे आणि त्याचा कर्ता म्हणून मिरविणारा वृद्ध खरा लेखक नसल्याचे निष्पन्न होते. ते प्रत्यक्षात एका स्त्रीने लिहिलेले असते. फसवणुकीतून आलेल्या पुस्तकाने दोन माणसांना खरोखर एकत्र आणले असेल, तर त्या पुस्तकाला खोटे म्हणावे काय, हा गंभीर प्रश्न आहे. लेखिका तो उपस्थित करते, परंतु विनोदी प्रसंगापलीकडे त्याचा पाठपुरावा करीत नाही.

रहस्याचा धागा सर्वांत दुबळा आहे, आणि त्याचा दोष केवळ तांत्रिक नाही. मॅरिअनचे आयुष्य, तिची झालेली वंचना आणि तिची आत्महत्या ह्यांवर मायाचे, पर्यायाने फिक्रीचे सारे सुख उभे आहे. पण मॅरिअनला कादंबरीत एक चिठ्ठी आणि इतरांच्या बोलण्यातून आलेले काही तपशील ह्यांपलीकडे स्थान मिळत नाही. इझमेजवळ पुस्तक होते, तिला सत्य ठाऊक होते, तरी तिची कबुली लॅम्बिआझच्या सहानुभूतीत विरघळून जाते. ज्या स्त्रीची कोणी दखल घेतली नाही, तिची दखल कथाही पुरेशी घेत नाही. ह्या उणिवेची जाणीव लेखिकेला नसावी, असे म्हणता येत नाही. मोठी झालेली माया आपल्या आईच्या शेवटच्या दिवसाची कल्पना करून एक लघुकथा लिहिते. मॅरिअनला मनात येण्याजोगे रूप मिळते ते त्या कथेतच. जे न्याय देणे कथानकाला जमले नाही, ते मुलीच्या लेखणीकडे सोपविलेले आहे. कादंबरीचा तोल ह्या काही पानांनी बराच सावरला जातो.

गावाच्या चित्रणाबाबत पेनेलोपी फिट्सजेरल्ड (१९१६–२०००) हिच्या द बुकशॉप (१९७८) ह्या ब्रिटिश कादंबरीशी तुलना उद्‌बोधक ठरते. तीत १९५९ च्या सुमारास इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील हार्डबरो ह्या काल्पनिक गावी फ्लॉरेन्स ग्रीन ही विधवा पुस्तकांचे दुकान काढते. एकांतवासी ब्रंडिश हे वृद्ध गृहस्थ आणि दुकानात मदतीला येणारी दहा वर्षांची क्रिस्टीन ह्यांच्याशी तिची अनपेक्षित मैत्री जमते. परंतु गावातील एका वजनदार स्त्रीला ती जागा हवी असते. कायद्याचाच आधार घेऊन दुकान बंद पाडले जाते आणि फ्लॉरेन्सला गाव सोडावे लागते. फिट्सजेरल्डच्या गावाला पुस्तकांचे दुकान नकोच असते. झेव्हिनच्या गावाला ते हवे असते, फक्त ह्याची त्याला जाणीव करून द्यावी लागते. पहिल्या कादंबरीत मैत्री खरी असूनही दुकान वाचवू शकत नाही. दुसरीत मैत्री जमली की दुकान तगतेच. दुकानाचे भाडे, कर्ज, प्रकाशकांची देणी ह्यांचा हिशेब झेव्हिन क्वचितच मांडते. गरज निर्माण होते तेव्हा औदार्य किंवा परत मिळालेला ठेवा धावून येतो. एरव्ही तपशिलात जागरूक असणाऱ्या लेखिकेने अर्थकारणाकडे केलेले हे दुर्लक्ष कादंबरीच्या आशावादाला उणेपणा आणते.

तथापि त्या आशावादाला काळाचा संदर्भ आहे. विजेवर चालणारे वाचनयंत्र २००७ पासून अमेरिकेत झपाट्याने पसरले. २०११ मध्ये ‘बॉर्डर्स’ ही दुकानांची मोठी साखळी बंद पडली. छापील पुस्तक आणि त्याचे दुकान ह्यांचा शेवट जवळ आल्याची चर्चा सर्वत्र होती. कादंबरीत फिक्रीची आई नाताळाची भेट म्हणून घरातील सर्वांना अशी वाचनयंत्रे देते, तेव्हा त्याचा संताप होतो. प्रसंग हास्यकारक असला, तरी त्यामागील भीती खरी आहे. बहुतांच्या अपेक्षेविरुद्ध लहान, स्वतंत्र दुकानांची संख्या त्या दशकात पुन्हा वाढू लागली. कादंबरीला लाभलेल्या मोठ्या लोकप्रियतेत ह्या दिलाशाचाही वाटा असावा.

भाषाशैली साधी, संवादप्रधान व विनोदाची झाक असलेली आहे. भावविवशतेकडे झुकण्याचा धोका अखेरच्या प्रकरणांत वाढतो, पण एका प्रसंगात लेखिका तो टाळते. आजारामुळे फिक्रीचे शब्द एकेक करून हरपत जातात. प्रेमाविषयी तो मायाला शेवटचे काही सांगू पाहतो. इंग्रजीतील दोन समध्वनी शब्दांच्या घोटाळ्यामुळे तिला ते हातमोज्यांविषयीचे बोलणे वाटते आणि त्याचे हात गार पडले असावेत, असे ती समजते. शब्दांवर जगलेल्या माणसाचे शब्द शेवटी पोहोचत नाहीत. मात्र त्याने लिहून ठेवलेली टिपणे मागे राहतात. बोललेले हरवते आणि लिहिलेले उरते, हा कादंबरीचा दावा येथे युक्तिवादावाचून सिद्ध होतो.

ह्या प्रकारच्या कादंबऱ्यांत पुस्तकांची नावे घेणे म्हणजेच पुस्तकांवर प्रेम करणे, असा समज अनेकदा दिसतो. ग्रंथनामांची खैरात झाली, की वाचकाला आपण सुसंस्कृत मंडळीत बसल्याचे समाधान मिळते. झेव्हिनही ह्या मोहापासून पूर्णतः मुक्त नाही. परंतु जेथे पुस्तक एका हातातून दुसऱ्या हातात जाते, भीडेने घेतले जाते, उशिरा वाचले जाते, चुकून समजले जाते, तेथे तिची कादंबरी जिवंत होते. जेथे ते तिजोरीतील ठेव किंवा कथानकाची किल्ली बनते, तेथे ती यांत्रिक होते. ए. जे. फिक्री थोर कादंबऱ्यांत गणला जाणार नाही. पण न वाचणारा माणूस वाचक कसा होतो, ह्याचे लॅम्बिआझच्या रूपाने तिने रेखाटलेले चित्र अलीकडील लोकप्रिय साहित्यात वेगळे उठून दिसते. कादंबरीवरून हान्स कानोसा ह्याने दिग्दर्शित केलेला चित्रपट २०२२ मध्ये प्रदर्शित झाला. त्याची पटकथा झेव्हिनने स्वतः लिहिली असून फिक्रीची भूमिका भारतीय वंशाचा अभिनेता कुणाल नय्यर ह्याने केली आहे.